माइकवरचे सोनकुसरे सर

मनोहर सोनकुसरे सर गेल्या हिवाळ्यात वारले. दुसऱ्याच दिवशी नागपूरच्या कडेला बेसाच्या चौकात त्यांचा फ्लेक्स लागला. जुना फोटो, बोलताना उघडलेलं तोंड, आणि खाली जाड अक्षरांत ‘आमचा पहिला आवाज हरपला’. त्याखाली राष्ट्रतेज पक्षाच्या पुढाऱ्यांचे चेहरे, एकेक चेहरा सरांच्या चेहऱ्याहून मोठा. सरांच्या थोरल्या बहीण कमलताई उमरेडहून आल्या होत्या. मी त्यांना परतीच्या बसवर बसवून द्यायला निघाले, तेव्हा आमचा ऑटो नेमका त्या फ्लेक्सखाली थांबला. कमलताईंनी मान बाहेर काढून तो नीट बघितला आणि विचारलं, “हे उतरवता नाही येत का वं?”

तो उतरवणं लावणाऱ्यांच्याच हातात होतं, आणि लावणाऱ्यांना खरोखर वाईट वाटलेलं होतं.

वर्तमानपत्रातल्या बातमीत सर ‘पक्षाच्या स्थापनेपासूनचे वक्ते’ होते. मोबाइलवर कोणी त्यांना गद्दार म्हटलं, कोणी विष पेरणारा म्हातारा म्हटलं. यातलं एकही पूर्ण खोटं नाही. पण स्टाफरूममध्ये वीस वर्षं मी ज्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, ते यातले कोणीच नव्हते.

सर मराठी शिकवायचे, मी विज्ञान. अंगाने किडकिडीत, उंची बेताची, शर्टाची कॉलर विरलेली. आवाज मात्र असा, की एखाद्या धिप्पाड माणसाकडून मागून आणलाय असं वाटावं. नवे पाहुणे पहिल्यांदा ऐकताना बोलणारा कुठे आहे ते शोधत राहायचे. त्या आवाजाला सर फार जपायचे. खिशात पेनाशेजारी ज्येष्ठमधाची काडी. थंड पाण्याला शिवायचे नाहीत, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा. आम्ही सगळे माठावर तुटून पडलेलो असायचो आणि हे थर्मासमधलं कोमट पाणी चहासारखं फुंकून प्यायचे. कोणी चिडवलं तर म्हणायचे, “हसा. तुमच्या पोरीच्या लग्नात मंगलाष्टका कोण म्हणन मंग?”

आणि खरंच, परिसरातल्या कुठल्याही कार्यक्रमात माइकवर सरच असायचे. स्नेहसंमेलन, लग्न, शोकसभा, कबड्डीचे सामने. माइकसमोर त्यांची भाषा अगदी पुस्तकी शुद्ध. स्टेजवर ‘कशासाठी’, आणि पायरी उतरले की ‘काहून’. एकदा मी त्यांना विचारलं, “सर, ही दोन माणसं आहेत का?”

ते म्हणाले, “सातवीत होतो बाई. वक्तृत्व स्पर्धेत ‘मले’ म्हणून गेलो. सारा हॉल हसला. तवापासून माइकसमोर मायची बोली काढली नाही.”

सांगताना ते हसत होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

आवाजापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, सरांच्या स्टेजवर आलेला माणूस कधी लहान होऊन उतरला नाही. कार्यक्रमाच्या आधी ते त्या माणसापाशी जाऊन बसत, गप्पा मारत, आणि त्याच्या आयुष्यातून असं काहीतरी उचलून आणत की त्याचं त्यालाच नवल वाटावं. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या यमुनाबाई काम सोडून गेल्या, तेव्हा संस्थेने शाल-नारळ देऊन पाच मिनिटांत आटपायचं ठरवलं होतं. सर माइकवर आले आणि म्हणाले, “आम्ही फळ्यावर लिहिलेलं रोज पुसलं जातं. यमुनाबाईंनी वाढलेलं या मुलांच्या अंगात रक्त होऊन राहिलं आहे.” मैदानावरची सगळी पोरं गप्प झाली. नंतर यमुनाबाई सरांना हळूच विचारत होत्या, “सर, हे सारं माह्याबद्दल होतं का?”

“मंग कोणाबद्दल, यमुनाबाई?”

एप्रिलच्या उन्हात त्या बाई शाल पांघरून घरी गेल्या.

या सगळ्या कार्यक्रमांना माइक असायचा इक्बालभाईंचा. त्यांचा टेम्पो होता, त्यावर हिरव्या-लाल रंगात ‘इक्बाल साउंड’ रंगवलेलं. माणूस आडवा, गालात पान, बोलणं कमी. सर आणि ते तरुणपणापासून जोडीने फिरले. सर वरच्या पट्टीत गेले की त्यांचा आवाज चिरकायचा. तो चिरकणार हे इक्बालभाईंना आधी कळे आणि त्यांचं बोट बटणावर जाई. ऐकणाऱ्यांना कधीच काही कळलं नाही. सर म्हणायचे, “माया अर्धा आवाज याच्या बोटात हाय.” इक्बालभाई म्हणायचे, “अर्धा नाही सरजी, चार आणे. बाकी ज्येष्ठमधाचा.” कार्यक्रम संपला की दोघं टेम्पोच्या फाळक्यावर बसून एकाच पत्रावळीत जेवायचे.

मग सर निवृत्त झाले. त्यांच्या निरोपसमारंभात त्यांच्यावर बोलायला दुसरा माणूसच नव्हता. मुख्याध्यापकांनी कागद वाचला. त्यात सरांचं गाव चुकलं होतं. त्याच सुमारास वहिनी वारल्या. मुलगा पुण्यात. उमरेडहून नागपूरला आल्यावर सरांनी विणकरांच्या गल्लीत घेतलेलं घर विकलं आणि बेसाला फ्लॅट घेतला. मीही तिथेच राहत होते, दोन इमारती सोडून.

तेव्हाचं बेसा म्हणजे अर्धवट उभ्या इमारती, आणि मध्येच एखाद्या प्लॉटवर जाऊन संपणारे रस्ते. कोणी भंडाऱ्याचा, कोणी यवतमाळचा, कोणी कुहीकडची शेती विकून आलेला. शेजारच्या दारामागे कोण राहतं याचा कोणाला पत्ता नाही. लग्नं लॉनवर व्हायची आणि तिथे माइकवर हिंदी-इंग्रजीत बोलणाऱ्या, कानाला माइक लावलेल्या मुली असायच्या. सरांना बोलावणं येईना. संध्याकाळी ते बाल्कनीत उभे राहून खाली बघत राहायचे. ज्येष्ठमधाची काडी खिशात तशीच.

अशा वेळी प्रवीण आला. तो आमचाच विद्यार्थी. आठवीत होता तेव्हा इतका अडखळायचा की स्वतःचं नाव सांगताना घामाघूम व्हायचा. सरांनी वर्षभर त्याला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं होतं. सर विणकराच्या घरातले, ते बाकावर हाताने हातमागाचा ठेका धरायचे आणि त्या खटखटीवर प्रवीणला वाचायला लावायचे. ठेक्यावर त्याची जीभ सुटली. आता त्याचा विटा-वाळूचा व्यवसाय होता, अंगावर इस्त्रीचा कुर्ता, गळ्यात काळ्या काठाचा दुपट्टा. त्याने सरांच्या पायावर डोकं ठेवलं.

“सर, नवा पक्ष काढून राहिलो. राष्ट्रतेज. पहिली सभा हाय. तुम्ही फक्त माइकवर उभे राहा.”

तो गेल्यावर सर माझ्याकडे आले. मी विचारलं, “पक्षाचं म्हणणं काय आहे?”

“देशाबद्दल हाय म्हणते,” सर म्हणाले. “देशाबद्दल म्हटल्यावर वाईट काय असन बाई?”

त्यांनी आग्रह केला म्हणून मीही गेले. मोकळा प्लॉट, भाड्याच्या खुर्च्या, त्यातल्या अर्ध्या रिकाम्या. पेन्शनर, बांधकामावरचे चौकीदार, कडेला मोटरसायकलींवर बसलेली पोरं. माइक इक्बालभाईंचा; सरांनीच त्यांना बोलावलं होतं. मुख्य वक्ता बाहेरगावाहून यायचा होता आणि त्याची गाडी वाटेत बिघडली. प्रवीणने सरांना खूण केली, लोकांना उठू देऊ नका. तेव्हा सरांनी वडिलांच्या हातमागाची गोष्ट सांगितली. उमरेडच्या घरात दिवसभर चालणारी खटखट, ओसरीवर वाळणारं रंगीत सूत, वडिलांचा खोकला. गोष्ट संपवताना ते म्हणाले, “आणि मग एक दिवस माग बंद पडला. घर इतकं शांत झालं की त्या शांततेने माझ्या आईची झोप गेली.”

आजूबाजूच्या बाल्कन्यांत लोक येऊन उभे होते. माझ्या शेजारचा पेन्शनर डोळे पुसत होता. त्याचं कसलं दुकान बंद पडलं होतं कोणास ठाऊक, पण त्याचं काहीतरी बंद पडलेलं होतं. तिथे बसलेल्या प्रत्येकाचंच काही ना काही बंद पडलेलं होतं.

सभा संपल्यावर प्रवीण जवळ आला. “सर, लोक रडले. पण रडून घरी गेले. कोणी बंद पाडला ते बी सांगा ना.”

“कोणी पाडला नाही गा. पडला.”

“आपोआप पडते का सर कोणती गोष्ट?”

सर हसले. पुढच्या सभेला मी नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या दारात आले. चेहरा असा, की जणू लहान मुलाला बक्षीस मिळालंय. “बाई, एक काना लावला फक्त. पडलाचं पाडला केलं. माग बंद पडला नाही, बंद पाडला. बस एवढंच. अन् सारा प्लॉट उठून उभा झाला.”

“कोणी पाडला, ते सांगितलं?”

“नाही. ते कोणी विचारलंच नाही.”

पुढे ते विचारलं गेलं. प्लॉटवरून सभा हॉलमध्ये गेल्या, हॉलमधून मैदानावर. मला एक मान्य करायला हवं: पक्षाची पोरं कामं करायची. पावसाचं पाणी तळघरात शिरलं की पंप घेऊन तीच यायची. टँकर तीच आणायची. रक्त लागलं की तीच धावायची. ज्या वस्तीत कोणी कोणाला ओळखत नव्हतं तिथे त्यांनी सगळ्यांना नावाने हाक मारायला सुरुवात केली. सर त्या पोरांना स्टेजवर बोलवायचे आणि यमुनाबाईंना केलं होतं तसं मोठं करायचे. रोजंदारीवर टाइल्स बसवणारा एखादा पोरगा स्टेजवरून उतरताना वेगळाच चालायला लागे. मग तीच पोरं घरोघर जाऊन सांगायला लागली, कोणाला घर भाड्याने द्यायचं नाही, कोणाच्या गाडीवरून भाजी घ्यायची नाही. प्रत्येक सभेत सरांची गोष्ट थोडी वाढत गेली. आधी तिच्यात सुताचा एक व्यापारी आला. पुढच्या खेपेला त्याने सूत दडवून ठेवलं. मग त्याला दाढी आली. शेवटी त्याला नाव आलं, रहमान.

ते नाव पहिल्यांदा आलं त्या सभेत मी मागच्या रांगेत होते, इक्बालभाईंच्या मशिनीपासून चार हातांवर. सर वरच्या पट्टीत चढत होते. “त्या रहमानने माझ्या बापाचा माग बंद पाडला.” हॉल ओरडायला लागला. इक्बालभाई सरांकडे बघत होते. सरांचा आवाज आता चिरकणार हे मलाही कळलं, कारण इक्बालभाईंचं बोट बटणाकडे गेलं. क्षणभर ते तिथेच थांबलं. मग त्यांनी बटण नेहमीसारखं हलकेच फिरवलं आणि आवाज स्वच्छ लागला.

वायरी गुंडाळताना सर त्यांच्यापाशी आले. इक्बालभाई म्हणाले, “आज आवाज चांगला लागला सरजी.”

त्या दिवशी दोघं जेवायला बसले नाहीत. घरी परतताना मी सरांना म्हटलं, “ते तिथेच बसले होते.”

“त्याले माहीत हाय बाई, हे त्याच्याबद्दल नाही म्हणून.”

महिन्याभरात पक्षाने स्वतःची मोठी साउंड सिस्टिम घेतली. इक्बालभाईंना परत बोलावलं गेलं नाही. सरांनी कारण विचारलं नाही.

मग कमलताई आल्या. सरांच्या फ्लॅटवर मी चहाला गेले होते, त्या थेट उमरेडच्या बसमधून उतरून आलेल्या. चपला काढण्याआधीच त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि सरांच्याच भाषणाची क्लिप लावली. क्लिप संपेपर्यंत दारातच उभ्या राहिल्या.

“मन्या, हा रहमान कोण?”

“ते गोष्टीतलं नाव हाय ताई.”

“गोष्टीतलं? आपल्या दारात सूत घेऊन येत होते ते रहमानचाचा गोष्टीतले काय? बाबा खोकून खोकून पडले तं सायकलवर बसवून दवाखान्यात कोण नेत होतं? खांदा कोणी दिला बाबाले?”

सरांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

“त्याइचा नातू हाय उमरेडले. मोबाइलचं दुकान हाय त्याचं. पोट्टे त्याच्या दुकानापुढं उभे राहून हेच वाजवते. मले रस्त्यात भेटला. मान खाली घालून गेला बिचारा.”

“लोकायले नाव लागते ताई,” सर हळूच म्हणाले. “नावाबिगर गोष्ट उभी नाही राहत.”

“मंग आपलं सांगायचं होतं. कारखान्याचं लुगडं स्वस्त झालं, बाबा थकले, अन् तू शिकाले नागपूरले आला. मागावर बसाले कोणी उरलं नाही. म्हणून बंद पडला.” त्या खुर्चीवर बसल्या. “मी बसत होती मागावर. मले म्हणत, पोरीनं काय बसायचं. नाही तं मीच चालवला असता.”

ताईंना उमरेडला सोडून आल्यावर ते मला म्हणाले, “कुहीची सभा ठरली हाय, ती मोडता येत नाही. पण नाव नाही घेणार.”

कुहीत काय झालं ते मला त्यांनीच सांगितलं. धानाच्या कापणीनंतरचे दिवस, मैदान भरलेलं. त्यांनी गोष्ट नावाशिवाय सांगायला घेतली. ‘बंद पाडला’ म्हटल्यावर समोरची पोरं ओरडायला लागली, “नाव सांगा सर, नाव सांगा.” सगळं मैदान वाट बघत होतं. “बाई, इतके लोक माया तोंडाकडे बघत होते,” ते मला म्हणाले, “अन् मी घेतलं नाव.”

सभा संपल्यावर त्यातली काही पोरं बाजाराकडे वळली. भाजीच्या गाड्या उलटवल्या. त्याच गावात एका लग्नाला इक्बालभाई माइक लावायला आले होते आणि त्यांचा टेम्पो बाजाराच्या तोंडाशी उभा होता. नाव तर त्यावर रंगवलेलंच होतं. लग्नघरच्या लोकांनी इक्बालभाईंना आत ओढून दार लावलं, म्हणून ते वाचले. सर स्टेजवरून ‘थांबा, थांबा’ म्हणत होते, पण पक्षाच्या मोठ्या भोंग्यांवर घोषणा लागल्या होत्या आणि ऑपरेटर जागेवर नव्हता. मग ते उतरून पळत गेले. ते पोहोचले तेव्हा टेम्पो पेटलेला होता. पोरांनी त्यांना ओळखलं आणि वाट करून दिली. एकाने त्यांच्या पायाला हात लावला.

आठेक दिवसांनी सर मला म्हणाले, “इक्बालकडे जायचं हाय. सोबत चला.” इक्बालभाईंच्या घरी दारातच मशिनीचे जळके डबे रचून ठेवले होते. त्यांनी आम्हाला बसवलं, सुनेला चहा सांगितला. सरांनी चहा न पिताच कप खाली ठेवला. शेवटी म्हणाले, “इक्बाल...”

“माफी मागायले आले असाल तं नका मागू सरजी,” इक्बालभाई म्हणाले. “तुमाले नाही म्हणणं मले जमत नाही. मी माफ करून टाकीन अन् तुमी घरी जाऊन झोपून जाल.”

“मंग काय करू?”

“जितक्या लोकायले ते सांगितलं, तितक्यायले हे सांगा.”

एवढंच. मग त्यांनी सरांच्या मुलाची चौकशी केली, गुडघेदुखीची केली. दारापर्यंत सोडायला आले. माइकचा धंदा त्यांनी बंद केला आणि पुढे ते लेकीकडे कामठीला राहायला गेले.

संधी आली ती निवडणुकीत. प्रवीण उभा होता आणि त्याची मोठी सभा बेसाच्या मैदानावर होती. कुहीनंतर सर सभांना जात नव्हते. आजारी आहेत असं पक्षाने सांगितलं होतं. त्या संध्याकाळी ते धुतलेला शर्ट घालून निघाले. मी बरोबर गेले. स्टेजच्या पायऱ्यांवर त्यांना कोणी अडवलं नाही. उलट हात धरून वर नेलं. प्रवीण उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. त्याने माइकवर सांगितलं, “मले माझं नाव सांगता येत नव्हतं. या माणसानं मले बोलतं केलं.” त्याने सरांच्या गळ्यात हार घातला आणि माइक त्यांच्या हातात दिला.

सर बोलायला लागले आणि मी दचकले. ते स्टेजवर होते, समोर माइक होता, आणि ते घरच्या बोलीत बोलत होते.

“मले तुमाले एक सांगायचं हाय. मी जे सांगत होतो ते खोटं होतं. माया बाबाचा माग बंद पडला...”

त्यांना पुढे बोलायचं होतं. पण ‘बंद पडला’ ऐकताच मैदान एका सुरात गरजलं, “नाही, बंद पाडला.”

ओळ सगळ्यांना पाठ होती. सरांनी हात हलवले. “पाडला नाही. पडला. कोणी पाडला नाही त्याले.” पहिल्या दोन रांगांना ते ऐकू गेलं असेल. मागे लोकांनी ‘पाडला’ एवढंच ऐकलं आणि पुन्हा गर्जना केली. सरांचा आवाज वर चढत गेला आणि चिरकला. तो सावरायला त्या मशिनीवर कोणी नव्हतं. लोकांना वाटलं त्यांना गहिवरून आलंय. टाळ्या सुरू झाल्या. प्रवीणने त्यांच्या खांद्याभोवती हात टाकला, कानाशी काहीतरी बोलला आणि अतिशय प्रेमाने त्यांना खुर्चीवर नेऊन बसवलं. कोणीतरी पाण्याचा ग्लास दिला. सरांनी तो घेतला आणि गटागट प्यायले. बर्फाचं पाणी होतं.

प्रवीण निवडून आला. सरांच्या जुन्या भाषणाचा तुकडा अजूनही पक्षाच्या प्रत्येक प्रचारगाडीवर वाजतो. सर कार्यालयात जाऊन तो बंद करा म्हणून सांगायचे. पोरं ‘हाव सर’ म्हणायची, चहा पाजायची आणि गाडीने घरी सोडायची. वहिनी गेल्यापासून सरांचं मन ठिकाणावर नाही, असं प्रवीण सगळ्यांना सांगायचा. सरांना कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांना सगळीकडे मानच मिळत राहिला.

मग त्यांनी एकेकट्याला सांगायला सुरुवात केली. किराणा दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, बसमध्ये शेजारी बसलेल्याला. उमरेडला जाऊन रहमानचाचांच्या नातवाच्या दुकानात तासभर बसून आले. मी विचारलं, तो काय म्हणाला. “काही नाही म्हणाला. कामात होता. पण उठ म्हणाला नाही,” सर म्हणाले. मी एकदा त्यांना म्हटलं, “सर, असे किती लोक होणार?” ते म्हणाले, “ते मोजाले बसलो तं सांगायचं राहून जाईन बाई.”

मी त्यांना असं सांगताना शेवटचं पाहिलं ते सीताबर्डीच्या बाजारात, ते जाण्याच्या दोनेक महिने आधी. मी मेट्रोचा जिना उतरून आले होते. संध्याकाळची गर्दी, कपड्यांच्या हातगाड्या, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांचा ओरडा. व्हरायटी चौकातल्या सिग्नलपाशी सर उभे होते, आणखी वाळलेले, पायात कॅनव्हासचे बूट. शेजारी एक तरुण होता, पाठीवर बॅग, गळ्यात पक्षाचा काळ्या काठाचा दुपट्टा. सर मान वर करून त्याच्याशी बोलत होते. तो वाकून ऐकत होता, मोठ्या माणसासमोर वाकावं तसा, आणि अधूनमधून सिग्नलच्या दिव्याकडे बघत होता. मी हाक मारली, पण बसच्या हॉर्नमध्ये ती बुडाली. दिवा बदलला. लोक एकदम रस्त्यावर उतरले, तो पोरगाही नमस्कार करून त्यांच्यात मिसळला आणि पलीकडे गेला. सर या बाजूलाच राहिले. तो गेला त्या दिशेला बघताना त्यांचे ओठ अजून हलत होते. वाक्य संपायचं होतं.